रोहिड्याची जागा

पिशवी हातात देताना कुशवाह नर्सरीवाला
एवढंच म्हणाला,
"धूप की चिंता नहीं बहनजी, पानी से बचाना.
जलेगा नहीं ये. गलेगा."

सत्तावीस वर्षं मी जलविभागात नकाशे काढले.
तिघऱ्याहून कुठली लाइन कुठल्या गल्लीत वळते
ते डोळे मिटून सांगेन.
पाण्यापासून वाचवायला मात्र
आजवर कुणी काही दिलं नव्हतं.

म्हणून टेप काढली. ऑफिसातली, स्टीलची,
पहिले चार इंच गंजून गळालेले.
सगळी मापं चारापासून सुरू होतात
आणि शेवटी वजा करायची आठवण ठेवावी लागते.

पूर्वेला मोरी.
बारा महिने ओल, तिथे अळू सुखात आहे.
सुखाची जागा याला नको.

पश्चिमेच्या भिंतीला दुपारनंतर हात लावता येत नाही,
म्हणजे उत्तमच.
पण पलीकडे भदौरियांच्या गच्चीवर सूर्याची पाटी,
हप्त्याने घेतलेली.
भिंतीवरून वाकून ते म्हणाले, "ऊँचा जाएगा क्या?"
वीस-पंचवीस फूट, मी म्हटलं.
"कब तक?"
माझ्यानंतर.
ते जरा थांबले. मग खाली उतरून
आलं घातलेला चहा पाठवला.

ऋजुता फोनमधून बंगलोरहून अंगण बघते.
"आई, मधोमध लाव ना, फुलला की फोटो भारी येईल."
मधोमध तिच्या बाबांची गाडी.
तिला अजून गाडीसकट आम्ही दिसतो,
गाडी सोडून उरलेली जागा दिसत नाही.

आणि हे.
पहाटे टँकर येऊन गेला की
नळी धरून उभे राहतात, पायजमा वर खोचून.
तुळस, पायरी, कुंपणाची तार,
शितोळे वहिनींचा वाळत घातलेला पायपुसणा,
उन्हाला येऊन पडलेलं तांबडं कुत्रं,
सगळ्यांना सारखं पाणी.
चाळीस वर्षांत माझ्याशी जे बोलले नाहीत
ते बहुधा असं वाहून जातं.
आता यांचा हात पोचणार नाही
अशी जागा शोधतेय,
हे यांना कुठल्या तोंडानं सांगू?

तोवर पिशवी फाटकाशी टेकवून ठेवली,
मीटरच्या पेटीला लागून.
आठवड्याला एक फुलपात्र पाणी, तेही विसळलेलं.
रोज नवी खूण करायची चुन्यानं,
रोज वारा ती अर्धी पुसायचा.
होळी गेली. रामनवमी गेली.
लू सुरू झाली, दारं अकरालाच बंद.
किल्ल्याचा पत्थर रात्री दोनपर्यंत धगधगतो म्हणतात;
आमची फरशी तीनपर्यंत.
अंगणात चुन्याची सात वर्तुळं,
एकाही वर्तुळात काही नाही.
"लाव बाई एकदाचं," वहिनी म्हणाल्या,
"लग्नं जमतात लोकांची एवढ्या वेळात."

वैशाखात एका सकाळी ठरवलं: वायव्य कोपरा, झालं.
पिशवी उचलायला गेले.
उचलेना.

वाकून पाहिलं तर खालचा प्लास्टिक फाडून
मूळ केव्हाच मुरमात उतरलेलं.
मी मापं घेत होते तेव्हा
याचं घर लागलं होतं.

आणि कुठे, तर नेमकं जिथे मी पहिल्याच दिवशी
फुली मारली होती: खाली चार इंची लाइन.
मग आठवलं.
ती लाइन कोरडी पडून जमाना झाला.
ट्रेसिंगवर तिच्या अंगावरून तांबड्या शाईची रेघ ओढून
बाजूला "रद्द" लिहिणारी
मीच होते. त्या दिवशी हात जरा थरथरला होता,
रेघ अजून वाकडी असेल.

ब्लेडनं पिशवी उभी चिरली, काढून घेतली.
भोवती मुरूम लोटला. बस.

दुसऱ्या पहाटे हे नळी ताणून ताणून फाटकाकडे आले.
धार पुढे जाईना.
अंगठा दाबून पाहिलं, टाचा उचलून पाहिलं.
मी टेप घेऊन खाली बसले.
ओलीच्या कडेपासून खोडापर्यंत एकवीस.
वजा चार.
सतरा इंच.

"पोचत नाही गं," हे म्हणाले.
हो, मी म्हटलं,
आणि त्यांच्या हातातली नळी जरा वेळ
मीही धरली.